मुद्रकाचे मृत्युपत्र: नवख्या कारागिरांसाठी दोनशे वर्षांचा निधी

१/
जुलै १७८८. फिलाडेल्फिया शहरात ब्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थाने आपले मृत्युपत्र केले. अमेरिकेचा फ्रान्समधील राजदूत, पेन्सिल्व्हेनिया राज्याचा अध्यक्ष, विजेवरील प्रयोगांमुळे युरोपभर ख्यातकीर्त झालेला शास्त्रज्ञ, अशी त्याची ओळख होती. मात्र मृत्युपत्राच्या आरंभी आपल्या नावापुढे त्याने सर्वांत आधी जो शब्द घातला, तो होता ‘मुद्रक’. राजदूत आणि अध्यक्ष ही बिरुदे त्यामागून आली. हा गृहस्थ म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

२/
पुढच्या वर्षी, २३ जून १७८९ रोजी, त्याने या मृत्युपत्राला एक पुरवणी जोडली. जन्मगाव बॉस्टनला एक हजार पौंड आणि कर्मभूमी फिलाडेल्फियाला एक हजार पौंड. उमेदवारी संपवून नुकत्याच स्वतःच्या पायांवर उभ्या राहू पाहणाऱ्या तरुण कारागिरांना धंदा थाटण्यासाठी ही रक्कम कर्जाऊ द्यायची होती. आणि हा व्यवहार थोडाथोडका नव्हे, दोनशे वर्षे चालवायचा होता. आजचा धागा या निधीविषयी आहे: तो कोठून सुचला, त्याच्या अटी काय होत्या, त्यातून काय साधले आणि काय निसटले.

३/
प्रथम त्या काळातील कारागिरीची व्यवस्था समजून घेऊ. इंग्लंडमध्ये आणि त्याच्या अमेरिकेतील वसाहतींत कसब शिकण्याच्या साधारणपणे तीन पायऱ्या होत्या. पहिली उमेदवारीची: मुलाला काही वर्षांच्या लेखी कराराने एखाद्या उस्तादाच्या हाती सोपवायचे, अन्न, वस्त्र, निवारा उस्तादाने द्यायचा आणि मुलाने राबायचे. दुसरी पगारी कारागिराची: हातात कसब आहे, पण दुकान दुसऱ्याचे. तिसरी पायरी स्वतः उस्ताद होण्याची. पहिल्या दोन पायऱ्या कष्टाने चढता येत. तिसरीपाशी मात्र अवजारे, जागा, कच्चा माल आणि पहिली गिऱ्हाइके लागत. असंख्य हुशार हात आयुष्यभर दुसऱ्या पायरीवरच थबकत, ते याच कारणाने.

४/
फ्रँकलिनचा जन्म १७०६ चा. वडील मेणबत्त्या आणि साबण करीत. घरात सतरा मुले, त्यांतील हा पंधरावा. बाराव्या वर्षी त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. करार वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता. भाऊ मारकुटा निघाला. खटके वाढत गेले. १७२३ मध्ये, करार अर्धवट टाकून, सतरा वर्षांचा बेंजामिन पळाला आणि फिलाडेल्फियात उतरला. खिशात एक डच डॉलर आणि थोडी तांब्याची नाणी होती. हा पळ नीट ध्यानात ठेवावा. मृत्युपत्रातील अटींकडे येऊ, तेव्हा तो पुन्हा आठवावा लागेल.

५/
फिलाडेल्फियात सॅम्युअल कीमर नावाच्या मुद्रकाकडे त्याला काम मिळाले. पोराचे कसब पाहून खुद्द प्रांताचा गव्हर्नर, सर विल्यम कीथ, त्याच्यावर प्रसन्न झाला. स्वतंत्र छापखाना काढ, सरकारी कामे मी देतो, असे त्याने सांगितले. वडिलांनी वय कोवळे म्हणून भांडवल नाकारले, तेव्हा गव्हर्नर म्हणाला, पैसाही मीच देतो. यंत्र आणि खिळे पारखून घेण्यासाठी तू जातीने लंडनला जा. पतपत्रे जहाजावर पोचवतो. १७२४ च्या अखेरीस फ्रँकलिन लंडनला पोचला. टपालाची थैली उघडली. तिच्यात त्याच्या नावाचे एकही पतपत्र नव्हते.

६/
चौकशीअंती कळले, की ज्याची स्वतःचीच पत नाही असा हा माणूस दुसऱ्याला पतपत्र देणार तरी कोठून? अठरा वर्षांचा तो मुलगा परक्या शहरात, परतीच्या भाड्यालाही महाग होऊन उभा राहिला. तेथील छापखान्यांत दीड वर्ष राबून त्याने पोट भरले. त्या काळात हातही अधिक तयार झाला. नवख्या कारागिराला थोरामोठ्यांच्या शब्दावर विसंबून पाऊल टाकणे किती महाग पडू शकते, हे त्याने असे अनुभवले. पुढे आयुष्यभर इतरांना उभे करताना त्याने आधी यंत्र आणि खिळे पाठवले, करार लिहून घेतला, आणि मगच माणसाला घराबाहेर काढले.

७/
१७२६ मध्ये तो फिलाडेल्फियाला परतला. पुढच्या वर्षी त्याने काही तरुणांना जमवून ‘जंटो’ नावाचे मंडळ काढले. आठवड्यातून एकदा भेटायचे, काही वाचायचे, कोणी धंद्यात का चढले आणि कोणी का बुडाले यावर बोलायचे. सभासद कोण? एक खिडक्यांना काचा बसवणारा, एक चर्मकार, एक सुतार, दस्तऐवजांच्या नकला करणारा एक लेखनिक, एका व्यापाऱ्याचा कारकून विल्यम कोलमन आणि थोडीफार मालमत्ता बाळगून असलेला तरुण रॉबर्ट ग्रेस. पैसेवाल्यांचे हे मंडळ नव्हते. तरी फ्रँकलिनच्या छापखान्याचा खरा पाया येथेच घातला गेला, हे पुढे दिसेल.

८/
१७२८ मध्ये फ्रँकलिन आणि कीमरकडचाच सहकारी ह्यू मेरेडिथ यांनी भागीदारीत छापखाना थाटला. भांडवल मेरेडिथच्या वडिलांचे, कसब फ्रँकलिनचे. खिळ्यांच्या पेट्या उघडून होतात न होतात तोच एका मित्राने रस्त्यात भेटलेले एक गिऱ्हाईक आणून उभे केले. पाच शिलिंगांचे काम. ती पहिली कमाई फ्रँकलिनला पुढच्या मोठमोठ्या रकमांपेक्षा गोड वाटली. त्यानंतर जंटोतील लेखनिक ब्राइंटनल याने क्वेकर पंथाच्या इतिहासाचे चाळीस फर्मे छापण्याचे काम मिळवून दिले. दर कमी होता, पण काम नियमित होते.

९/
रोज एक फर्मा, असा फ्रँकलिनने निश्चय केला. एका रात्री काम संपवून उठणार, तोच जुळवलेला फर्मा अपघाताने मोडला आणि दोन पानांचे खिळे एकमेकांत मिसळले. ज्यांनी हाताने खिळे जुळवण्याचे काम जवळून पाहिले असेल, त्यांनाच या संकटाची कल्पना येईल: एकेक अक्षर वेचून आपापल्या घरात टाकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून ओळी बांधायच्या. त्याने ते सारे त्याच रात्री केले आणि मगच तो झोपला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी रात्री उशिरापर्यंत जळणारा तो दिवा पाहिला. व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्याची चर्चा झाली. पत अशी, दिव्याच्या उजेडात, वाढत गेली.

१०/
आणि तेवढ्यात घात झाला. मेरेडिथच्या वडिलांनी कबूल केलेल्या भांडवलापैकी शंभर पौंड दिले होते. उरलेले शंभर त्यांना देता येईनात. माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने फिर्याद लावली. निकाल विरुद्ध गेला असता, तर यंत्र आणि खिळे लिलावात कवडीमोलाने गेले असते. त्या वेळी कोलमन आणि ग्रेस हे दोघे मित्र, एकमेकांना ठाऊक नसताना, स्वतंत्रपणे त्याच्याकडे आले. लागेल ती सारी रक्कम देतो, असे प्रत्येकाने न मागता सांगितले. फ्रँकलिनने दोघांकडून निम्मे-निम्मे घेतले, मेरेडिथची देणी फेडून भागीदारी सोडवली, आणि १७३० मध्ये छापखाना एकट्याचा झाला.

११/
येथे थांबून हिशेब मांडू. या नवख्या मुद्रकाला उभे राहण्यासाठी नेमके काय मिळाले? एक, शिकलेले कसब. दोन, यंत्र आणि खिळे. तीन, पहिली कामे, आणि तीही मित्रांच्या ओळखीने. चार, अडचणीत योग्य क्षणी कर्ज. पाच, आपल्या वकुबावर विश्वास ठेवणारी आणि आठवड्याला भेटणारी माणसे. यांतील एकटा पैसा बाजूला काढला, तर त्याचे महत्त्व मोठेच दिसते. परंतु ज्या दोघांनी तो दिला, ते त्या मंडळातले होते आणि त्याचे काम जवळून पाहत होते. कर्जाआधी ओळख होती.

१२/
स्वतः स्थिरावताच फ्रँकलिनने हेच सूत्र इतरांसाठी वापरले. १७३१ मध्ये आपल्याकडचा कारागीर थॉमस व्हिटमार्श याला त्याने साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे धाडले. तेथे मुद्रकाची उणीव होती. करार असा: यंत्र आणि खिळे फ्रँकलिनचे, चालवणारा कारागीर, खर्चाचा एक तृतीयांश वाटा फ्रँकलिनने उचलायचा आणि नफ्याचा एक तृतीयांश त्याला मिळायचा. मुदत सहा वर्षांची. मुदत संपली, की कारागिराने खिळे विकत घ्यावेत आणि पुढचा धंदा सर्वस्वी स्वतःचा करावा.

१३/
या करारातील बारकावा पाहण्याजोगा आहे. कर्ज घेतले, की नफा होवो वा तोटा, हप्ता चुकत नाही. येथे खर्चातही भागीदारी असल्याने पहिल्या वाईट वर्षांचा भार नवख्यावर एकट्यावर पडत नसे. गाव निवडलेले असे, म्हणजे गिऱ्हाइकांची वाण नसे. आणि शेवट आधीच ठरलेला असे: कारागीर कायमचा आश्रित राहणार नाही. कोणी काय करायचे आणि कोणाकडून काय अपेक्षित आहे, हे फ्रँकलिन तपशिलाने लिहून ठेवी. त्यामुळे बहुतेक भागीदाऱ्या भांडणाविना संपल्या आणि बरेचसे कारागीर मुदतीअखेर स्वतंत्र झाले, असे त्याने आत्मचरित्रात समाधानाने नोंदवले आहे.

१४/
यांतील सर्वांत स्मरणीय गोष्ट एका स्त्रीची आहे. व्हिटमार्श १७३३ मध्ये वारला. त्याच्या जागी फ्रँकलिनने लुई टिमथी याला पाठवले. तो विद्वान होता, प्रामाणिक होता, परंतु हिशेबात अगदी कच्चा. पैसे अधूनमधून येत. जमाखर्च कधीच धड येत नसे. १७३८ च्या अखेरीस तो अपघाताने मरण पावला. मागे पत्नी एलिझाबेथ, सहा मुले, एक साप्ताहिक वृत्तपत्र आणि न जुळणाऱ्या वह्या.

१५/
एलिझाबेथ हॉलंडमध्ये वाढलेली. तिकडे मुलींना जमाखर्च शिकवण्याची रीत होती. तिने आधी पतीच्या काळातील व्यवहारांचा शक्य तेवढा खुलासा फ्रँकलिनला पाठवला. मग दर तिमाहीला, न चुकता, नेमका हिशेब धाडू लागली. ‘साउथ कॅरोलायना गॅझेट’ चालू राहिले; मथळ्याखाली नाव मात्र अल्पवयीन मुलाचे, पीटरचे. तिने मुले वाढवली आणि मुदत संपल्यावर छापखाना विकत घेऊन पुढे मुलाच्या हाती सोपवला. अमेरिकेतील पहिल्या स्त्री-वृत्तपत्रप्रकाशकांत तिची गणना होते. मुलींना संगीत-नृत्यापेक्षा जमाखर्च अधिक उपयोगी पडेल, हे फ्रँकलिनचे मत तिच्याच उदाहरणावरून बनले.

१६/
असे करार आणखीही झाले. १७४२ मध्ये जेम्स पार्कर न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. १७४८ मध्ये स्कॉटलंडहून आलेला आपला मुख्य कारागीर डेव्हिड हॉल याला फ्रँकलिनने फिलाडेल्फियाच्या मूळ छापखान्यात अठरा वर्षांसाठी भागीदार केले आणि स्वतः बेचाळिसाव्या वर्षी रोजच्या कामातून निवृत्त झाला. विजेचे बहुतेक प्रयोग, बरेचसे राजकारण आणि राजदूतपद हे त्यानंतरचे. रॉबर्ट ग्रेसच्या उपकाराचीही परतफेड झाली. फ्रँकलिनने नव्या तऱ्हेची शेगडी तयार केली, तेव्हा तिचा नमुना त्याने ग्रेसला देऊन टाकला. ग्रेसची लोखंडाची भट्टी होती. शेगडीचे पत्रे ओतून त्याला चांगली कमाई झाली.

१७/
आता मृत्युपत्राकडे परत येऊ. लोकशाही राज्यात सार्वजनिक पदे कमाईची असू नयेत, असे फ्रँकलिनचे जुने मत होते. पेन्सिल्व्हेनियाचा अध्यक्ष म्हणून मिळालेल्या वेतनातून त्याने हे दोन हजार पौंड बाजूला काढले. योजनेची ठिणगी मात्र फ्रान्सहून आली. मातोन द ला कूर या लेखकाने १७८५ मध्ये एक विनोदी ‘मृत्युपत्र’ प्रसिद्ध केले होते. त्यातील काल्पनिक गृहस्थ पाचशे लिव्र मागे ठेवतो; त्यांचे पाच भाग चक्रवाढ व्याजाने शंभरापासून पाचशे वर्षांपर्यंत वाढू द्यायचे, आणि त्या अफाट धनातून जगाचे कल्याण करायचे. ही थट्टा फ्रँकलिनच्याच काटकसरीच्या उपदेशांवर बेतलेली होती. फ्रँकलिनने ती हसून घेतली, आणि मग गंभीरपणे अमलात आणली.

१८/
पुरवणीतील अटी अशा. कर्ज मिळावे ते पंचवीस वर्षांखालील विवाहित कारागिराला. त्याने त्याच शहरात उमेदवारी केलेली असावी आणि करारातील कर्तव्ये निष्ठेने पाळलेली असावीत. त्याच्या वर्तनाची ग्वाही देणारे किमान दोन प्रतिष्ठित नागरिक हवेत, आणि त्याच दोघांनी जामीनही राहायचे. रक्कम पंधरा पौंडांहून कमी नाही आणि साठ पौंडांहून अधिक नाही. व्याज दरसाल पाच टक्के. दर वर्षी मुद्दलाचा दहावा भाग परत करायचा. परत आलेला पैसा लगेच पुढच्या नवख्याला द्यायचा.

१९/
प्रत्यक्षात याचा अर्थ काय, ते आकड्यांत पाहू. समजा एखाद्या सुताराने साठ पौंड घेतले. पहिल्या वर्षी सहा पौंड मुद्दल आणि तीन पौंड व्याज, एकूण नऊ. दुसऱ्या वर्षी व्याज चोपन्न पौंडांवर, म्हणून हप्ता आठ पौंड चौदा शिलिंग. असा तो उतरत जाऊन दहाव्या वर्षी सहा पौंड सहा शिलिंगांवर येतो. दहा वर्षांत एकूण व्याज साडेसोळा पौंड. सावकाराच्या दारात असली सवलत मिळणे अवघडच. शिवाय तारण म्हणून घर-जमीन मागितलेली नाही. मागितली आहे ती दोन माणसांची सही. १७३० मधील कोलमन आणि ग्रेस या कलमात पुन्हा उभे राहिलेले दिसतात.

२०/
दुसरे गणित शतकाचे. एक हजार पौंड पाच टक्क्यांच्या चक्रवाढीने शंभर वर्षांत सुमारे एक लाख एकतीस हजार होतात. त्यांतले एक लाख शहराने लोकोपयोगी कामांवर खर्चावेत आणि एकतीस हजार पुन्हा कर्जाऊ फिरवावेत. दुसऱ्या शतकाअखेर ते चाळीस लाख एकसष्ट हजार होतील. ते शहराने आणि राज्याने वाटून घ्यावेत. गणित बिनचूक आहे. कोणीही ताडून पाहावे. फक्त त्यात एक मूक गृहीतक दडले आहे: दोनशे वर्षे उमेदवार, उस्ताद आणि छोटी कर्मशाळा हे जग जसेच्या तसे राहील.

२१/
अटी पुन्हा एकदा वाचाव्यात, कारण त्यांच्यात एक विलक्षण विसंगती आहे. या निधीतून खुद्द तरुण फ्रँकलिनला कर्ज मिळाले असते का? त्याने उमेदवारी अर्ध्यावर सोडून पळ काढला होता, आणि तीही दुसऱ्या शहरातली. अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला असता. आणि एलिझाबेथ टिमथी? विधवा, कोणत्याही उस्तादाकडे करारबद्ध उमेदवारी न केलेली. तिचाही बाद. ज्या दोन व्यक्तींनी कसब, सचोटी आणि हिशेब यांचा आदर्श घालून दिला, त्या दोघांनाही या निधीच्या दारात प्रवेश नव्हता. ओळखीच्या माणसाला जे सहज दिसते, ते नियमाला दिसेलच असे नाही.

२२/
१७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिन वारला. दोन्ही शहरांनी देणगी स्वीकारली आणि कर्जवाटप सुरू झाले. गवंडी, सुतार आणि अशाच इतर कारागिरांनी अर्ज केले, दुकाने थाटली, हप्ते फेडले. सारेच फेडू शकले असे नाही. अनेकदा भुर्दंड जामीनदारांवर पडला. साहजिकच जामीन राहायला माणसे कचरू लागली. फिलाडेल्फियात वसुली ढिली राहिली आणि थकबाकी साचत गेली. दोन माणसांची सही ही अट जंटोसारख्या वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणांच्या मंडळात सहज पुरी झाली असती. वाढत्या शहरात, अनोळखी लोकांत, तीच अट दारावरचे कुलूप ठरली.

२३/
खरा घाव यंत्रयुगाने घातला. १८१० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्समध्ये कापडगिरण्या उभ्या राहिल्या. जोडे, फर्निचर, छपाई अशा एकामागून एक धंद्यांत कामाचे तुकडे पडले, मोठी भांडवले शिरली. लेखी कराराची जुनी उमेदवारी मोडीत निघू लागली. उमेदवारीच नाही, तर ‘उमेदवारी निष्ठेने पूर्ण केलेला’ अर्जदार आणायचा कोठून? शिवाय कमाल कर्ज साठ पौंडांचे, म्हणजे सुमारे २६६ डॉलर. १७९० मध्ये त्यात अवजारांचा संच येई. वाफेच्या यंत्रांशी स्पर्धा करायला ते अपुरे होते. अटी कागदावर तशाच राहिल्या आणि त्यांत बसणारी माणसे विरळ होत गेली.

२४/
दोन्ही शहरांची वाट येथे वेगळी झाली. बॉस्टनच्या विश्वस्तांनी अर्जदार घटताच बरीचशी रक्कम एका विमा कंपनीत गुंतवली. तेथे ती सुरक्षित राहिली आणि चक्रवाढीने वाढत गेली. फिलाडेल्फियाच्या निधीला बुडीत कर्जांनी पोखरले. शंभर वर्षांनंतर बॉस्टनकडे सुमारे ३ लाख ९१ हजार डॉलर जमले होते, तर फिलाडेल्फियाकडे सुमारे ९० हजार. फ्रँकलिनच्या अपेक्षेनुसार प्रत्येकी सहा लाखांच्या आसपास हवे होते. आकडे पाहून बॉस्टनला शाबासकी द्यावीशी वाटते. पण ती संपत्ती मुख्यत्वे नवख्या कारागिरांना कर्ज न दिल्यामुळे साठली होती, हेही तितकेच खरे. निधी सर्वांत जोमाने वाढला, तो त्याचे मूळ काम थांबल्यावर.

२५/
शतक पुरे होताच वंशजांनी या पैशांवर हक्क सांगून न्यायालयात धाव घेतली. त्यांना यश आले नाही. बॉस्टनने बराच खल करून आपल्या वाट्यातून तंत्रशिक्षणाची शाळा काढायचे ठरवले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने तितकीच भर घातली आणि १९०८ मध्ये ‘फ्रँकलिन युनियन’ ही संस्था सुरू झाली. दिवसा कारखान्यात राबणाऱ्यांना तेथे संध्याकाळी विद्या मिळू लागली. बदललेल्या काळात उमेदवारीची रिकामी झालेली जागा शाळेने भरून काढली, असे म्हणता येईल. फिलाडेल्फियाचा वाटा फ्रँकलिनच्याच नावाच्या विज्ञानसंस्थेकडे गेला.

२६/
दुसऱ्या शतकात उरलेला पैसा पुन्हा फिरू लागला, पण वेगळ्या वाटांनी: फिलाडेल्फियात घर घेणाऱ्यांना कर्जे, बॉस्टनमध्ये शिकणाऱ्यांना. १९९० मध्ये दोनशे वर्षांची मुदत संपली, तेव्हा बॉस्टनच्या निधीत ४५ लाख डॉलरांहून अधिक आणि फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे २० लाख डॉलर होते. फिलाडेल्फियाने आपल्या वाट्यातील रकमेतून हस्तव्यवसाय आणि उपयोजित विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या देण्याची सोय केली. दोनशे वर्षांनी का होईना, पैसा कारागिराच्या दाराशी परतला.

२७/
मग हा प्रयोग फसला म्हणायचा का? पूर्णपणे नाही. आरंभीच्या दशकांत ज्यांनी या पैशांवर दुकाने उभी केली, त्यांच्या दृष्टीने तो यशस्वीच होता, मग इतिहासात त्यांची नावे मोठ्या अक्षरांत येवोत वा न येवोत. परंतु फ्रँकलिनने केलेल्या दोन प्रयत्नांची तुलना केली, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक फरक स्पष्ट दिसतो. हयातीतील भागीदाऱ्यांत तो पैशासोबत यंत्र, गाव, कामाचा ओघ, हिशेबाची शिस्त आणि सुटकेची तारीख देत होता, आणि परिस्थिती बदलली की स्वतः निर्णय बदलत होता. लुईच्या जागी एलिझाबेथला तो स्वीकारू शकला, कारण दर तिमाहीला तिचा जमाखर्च तो स्वतः वाचत होता.

२८/
मृत्युपत्रात तो स्वतः नव्हता. तेथे उरले ते व्याजाचे गणित आणि अटींची यादी. आजही कारागिरांसाठी निधी जाहीर होतात, कर्जयोजना निघतात, आणि त्यांचे यश बहुधा वाटलेल्या वा जमलेल्या रकमेवरून मोजले जाते. अशी योजना वाचनात आली, की चार प्रश्न जरूर विचारावेत. अवजारे कोण देणार? पहिले गिऱ्हाईक कोण आणणार? हिशेब कोण शिकवणार? आणि अर्जाच्या रकान्यांत न बसणाऱ्या, पळून आलेल्या एखाद्या सतरा वर्षांच्या पोराकडे किंवा सहा मुलांच्या विधवेकडे कोण पाहणार? १७३० च्या फिलाडेल्फियात या प्रश्नांना उत्तर होते, आणि त्या उत्तराला विल्यम कोलमन व रॉबर्ट ग्रेस अशी नावे होती.